पाइपावर उमटलेले दात

तीर्थस्वरूप दाजी,

तुमच्या बायकोच्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (वाकणं मनातल्या मनात, कंबर अजून ऐकत नाही). तुमचा रक्तदाब, उजवा गुडघा आणि डावा कान या तिघांचीही स्वतंत्र चौकशी केली आहे असं समजावं. कवळीची चौकशी मुद्दाम करत नाही, कारण तिच्याबद्दल पुढे बरंच काही यायचं आहे. आमच्याकडे सगळे मजेत. बायकोची पाठ दुखते, पण मी घरात असलो की जास्त दुखते असं तिचं निरीक्षण असल्यामुळे मी दिवसभर कार्यशाळेत असतो आणि पाठीला उतार आहे. हे पत्र मी घरी न पाठवता तुम्ही जिथे पेपर चाळायला जाता त्या वाचनालयाच्या पत्त्यावर पाठवतो आहे, याचं तुम्हाला नवल वाटेल. थोडा वेळ वाटू द्या. शक्यतो कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून एकट्यानं वाचा, आणि वाचताना तोंडात काहीही धरू नका.

विषयाला हात घालण्याआधी थोडी उजळणी करतो. तुम्हाला हे सगळं ठाऊक आहे, पण तीस वर्षं शाळातपासनीस असताना पोरांना पाठ असलेलंच तुम्ही त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेत होतात, तेव्हा कुरकुर करू नये. येत्या एक तारखेपासून आमची कवळ्यांची कार्यशाळा लेक ताब्यात घेते आहे. घासायची चाकं, मेणाचे चाकू, साचे, प्लॅस्टरची पिंपं, सगळं तिनं यादी करून समजून घेतलं (यादीच्या तळाशी 'बाबा, नग एक, अधूनमधून' असं लिहिलं होतं, ते मी खोडलं). शेवटी तिनं तक्रारवही उघडली. चौतीस वर्षांत त्रेसष्ट तक्रारी. त्यातल्या बासष्टांखाली गिऱ्हाइकाची सही आहे आणि 'तक्रार निकाली' असा शेरा आहे. उरलेली एक तुमची. अकरा वर्षांपूर्वीची, तुमच्या त्या कित्ता गिरवल्यासारख्या अक्षरात: 'वरची कवळी डावीकडे हलते. बोलताना व खाताना टकटक आवाज येतो. कारागिराने लक्ष घालावे.' कारागिराने! दाजी, मी सात वेळा लक्ष घातलं. सातही वेळा कवळीत काडीचा दोष सापडला नाही, आणि सातही वेळा तुम्ही ती तोंडात घालून माझ्यासमोर टकटक वाजवून दाखवलीत. एवढ्यावर थांबला असतात तरी मी काही बोललो नसतो. पण घरात चार माणसं जमली रे जमली की तुम्ही ती काढून पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवणार आणि 'हे आमच्या मेहुण्याचं काम' अशी तिची ओळख करून देणार. त्यापायी धाकट्या काकांनी आपले दात दुसरीकडे करून घेतले, आणि ते दिसतातही तसेच. लेक म्हणाली की वही मिटवून मगच द्या, तुमची जुनी भांडणं मला वारशात नकोत. तिचं बरोबर होतं, म्हणूनच मला ते झोंबलं. माझं जे काही नाव आहे ते त्या वहीत आहे. ती एक सही न मिळवता कार्यशाळेतून निघायचं म्हणजे शर्टाचं एक बटण उघडं ठेवून फोटोला उभं राहायचं.

आता पाइप. गेल्या महिन्यात चार दिवस तुमच्याकडे राहून आलो, तेव्हा ताईनं मला छत्रीची तार बसवून आणायला बसस्टँडमागच्या गल्लीत पाठवलं होतं. तिथे जुन्यापान्या वस्तूंच्या पथाऱ्या लागतात, हे तुम्हाला सांगायला नको. निघताना लेकीनं मला बजावून पाठवलं होतं की परत याल ते एखादा छंद घेऊन या, म्हणजे मी काम करत असताना माझ्या खांद्यामागे उभे राहणार नाही. छंद विकत मिळतो का हे पाहत मी हिंडत होतो. गंजलेल्या कुलपांच्या ढिगात एक पाइप पडलेला दिसला. तंबाखू भरायची लाकडी वाटी धुळीनं आणि शाईनं बरबटलेली, तोंडात धरायची काळी दांडी शेवाळी पडलेली, आणि दोन्ही एकमेकांत अशा घट्ट अडकलेल्या की भांडणारं जोडपं सोडवणं परवडलं. मी आजवर विडीलासुद्धा हात लावलेला नाही. पण तोंडात जाणारी वस्तू म्हणजे आपलंच खातं, असं मनात आलं आणि मी वाकलो (तेव्हापासूनच कंबर धरली आहे). भंगारवाला एक डोळा मिटून बोलणारा गृहस्थ. हा कुठून आला म्हणून विचारलं, तर म्हणाला, एका बाईंनी जुना टाइपरायटर काढून टाकला, त्याच्या पेटीच्या तळाशी होता, बाईंना पत्ताही नव्हता. मी त्यानं सांगितलेल्या किमतीच्या निम्मी किंमत सांगितली आणि त्यानं ती ताबडतोब मान्य केली. ते शल्य अजून आहे.

घरी आल्यावर पहिलं काम वाटी आणि दांडी वेगळी करण्याचं. ओढून पाहिलं, पिळून पाहिलं, समजावून पाहिलं. मग आठवलं की थंडीनं वस्तू आकसतात, म्हणून पाइप प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवला. बायकोनं तो मटार समजून बाहेर काढला आणि त्यानंतर जे बोलली ते मटाराबद्दल नव्हतं. पण तासाभरात दांडी अलगद निघाली, हे तिलाही मान्य करावं लागलं. यानंतर मी जी चूक केली ती फक्त माझ्या धंद्यातला माणूसच करू शकतो. तोंडातली वस्तू मळली की कोमट पाण्यात कवळी धुवायची पूड टाकायची आणि वस्तू बुडवून ठेवायची, हे मी चौतीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो. हात आपोआप तेच करून बसला. त्यात काचेचं भांडं नेमकं सासूबाईंच्या कवळीच्या भांड्याशेजारी ठेवलं गेलं. सासूबाईंनी दुपारच्या झोपेतून उठून चष्मा न लावता हात घातला, दांडी तोंडात बसवून पाहिली, आणि हाक मारून विचारलं की जावईबापू, आज दात एवढे कमी का लागतायत. (त्यांना काही झालेलं नाही. उलट हलकं वाटलं म्हणाल्या.) दांडी मात्र पाण्यातून निघाली ती आणखी शेवाळी पडून. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हे साधं प्लॅस्टिक नव्हे, हे जुनं कडक रबर. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते म्हातारे मालक आपल्या उमेदवारीत याच रबराच्या कवळ्या घडवत. पाणी आणि ऊन लागलं की हे असं शेवाळतं, आणि वरचा थर घासून काढल्याशिवाय गत्यंतर नसतं.

म्हणून मी बारीक पॉलिश कागद घेतला आणि वाटीत खुपसायच्या टोकाकडून घासायला सुरुवात केली. या रबरात गंधक असतं, हे मालकांनी सांगितलेलं मी विसरलो होतो. दांडी जरा तापली आणि सडक्या अंड्यांचा असा भपकारा सुटला की स्वयंपाकघरात बायकोनं शेगडी बंद केली, सासूबाईंना जिन्यात नेऊन बसवलं आणि गॅसवाल्याला फोन केला. मी म्हणत होतो की वास माझा आहे. पण मला बाजूला सारण्यात आलं. गॅसवाला आला, त्यानं खिडक्या उघडल्या, नळीला साबणाचं पाणी लावून पाहिलं, भिंतीला नाक लावत लावत घर पालथं घातलं आणि शेवटी वास काढत माझ्या टेबलाशी येऊन थांबला. माणूस समजूतदार. त्यानं दांडी हातात घेतली, उजेडात नेली आणि तोंडाकडचं टोक पाहून म्हणाला, "कुणीतरी दातओठ खाऊन धरलेला दिसतोय हा." मी सहज म्हणून डोळ्याला भिंग लावलं. दाजी, इथपर्यंत तुम्ही सावकाश वाचत असाल तर जरा पाणी प्या.

टोकाच्या डाव्या बाजूला, वरून, दोन खोल खळगे होते. एक सरळ आणि त्याच्या शेजारचा तिरका, जणू त्या दाताला शेजाऱ्याशी बोलायचं नाही. तुमची कवळी करताना ताई माझ्याकडे येऊन बसली होती, आठवतं? मी सगळे दात एका ओळीत लावले होते. ती म्हणाली की हे फार देखणं झालं, हे ह्यांचं हसू नाही, ह्यांचा डावीकडचा दुसरा दात जरा वळलेला होता तसा वळव. मी खूप समजावलं. ती हटून बसली. मी तो दात वळवला. उभ्या आयुष्यात मी मुद्दाम वाकडा लावलेला तो एकमेव दात. लिहिणाऱ्यानं आपलं अक्षर ओळखावं तसा मी तो ओळखला. लगेच कपाट उघडलं. (सगळ्या नातेवाइकांच्या तयार कवळ्यांच्या प्लॅस्टरच्या नकला मी नावं घालून ठेवतो. आमच्या घराण्याची वंशावळ कुणाला हवी असेल तर दातांसकट मिळेल.) तुमचं खोकं काढलं, वरचा-खालचा जबडा काढला आणि दांडी मधे धरून हलकेच मिटला. बसली! केसाइतकीही फट नाही! मी 'सापडलं, सापडलं' म्हणून असा ओरडलो की गॅसवाला पाना घेऊन धावला आणि बायकोनं जिन्यातून विचारलं, कुठून गळत होतं?

तर दाजी, अकरा वर्षांचं कोडं असं सुटलं. ज्यांनी तंबाखूला जन्मात हात लावला नाही, ज्यांच्यासमोर कुणी सिगारेट काढली तर जे खिडकी उघडतात, ते आमचे शाळातपासनीस रोज संध्याकाळी काठी घेऊन 'जरा पाय मोकळे करून' येतात, परतताना तोंडात लवंग असते, आणि घरच्या टाइपरायटरच्या पेटीत, फितीच्या डब्याखाली, मधल्या वेळेत एक पाइप विश्रांती घेत असतो. तो टाइपरायटर ताईनं मोडीत काढल्यावर तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत, असं तिनंच मला सांगितलं होतं. तिला वाटलं, तुमचा जुन्या यंत्रावर जीव होता. मलाही तेव्हा तुमच्याबद्दल आदर वाटला होता, तो आता वेगळ्या कारणानं वाटतो. कवळीचं म्हणाल तर चित्र स्वच्छ आहे. डाव्या बाजूनं रोज तासभर कडकडून चावा घ्यायचा, डावीकडची हिरडी दाबून दाबून झिजवायची, आणि मग वहीत लिहायचं की डावीकडे हलते! कवळी तोंडात धरून ठेवणं हे माझं काम. पाइप धरून ठेवणं हे काम मी तिला सांगितलं नव्हतं.

पण खरी पंचाईत पुढेच होती. पाइप पुरा दुरुस्त करायचा तर ते खळगे बुजवायला हवेत, आणि खळगे बुजवले की माझा पुरावा गेला. दोन दिवस मी दांडी नुसती हातात घेऊन बसलो. तिसऱ्या दिवशी स्वतःचीच कीव आली. ठसे घेण्यात ज्याचं आयुष्य गेलं, तो ठसा घ्यायला विसरला! लगेच तोंडाचा ठसा घ्यायची गुलाबी पूड कालवली, खळग्यांचा ठसा घेतला आणि त्यावरून प्लॅस्टरच्या तीन प्रती ओतल्या. एक माझ्या कपाटात, एक लेकीच्या, आणि एक तुम्हाला पाठवतो आहे. मग मोकळ्या मनानं कामाला लागलो. उकळत्या पाण्याची वाफ दिली, तशी रबर फुगून खळगे निम्मे वर आले. उरलेले काळं रबर भरून बुजवले. वाटीवरची शाई स्पिरिटनं उतरवली, आतला जुना वास काढायला मीठ भरून वर स्पिरिट टाकून एक दिवस ठेवलं. मीठ तपकिरी झालं, वास गेला. शेवटी दोन्ही भाग कवळ्यांच्या चाकावर धरले, आधी प्युमिसची पूड, मग पांढरी पेस्ट, मग कोरडं फडकं. दाजी, काय सांगू! लाकडाच्या रेषा अशा उजळून आल्या की प्रत्येक रेष मोजून घ्यावी. दांडी इतकी काळीभोर आणि गुळगुळीत झाली की तिच्यात मला माझा चेहरा दिसला आणि तोही बरा वाटला. सासूबाई म्हणाल्या, हा मी पुन्हा लावून बघू का. बायकोनं तो बाहेरच्या खोलीतल्या फळीवर ठेवला, आणि गॅसवाला मुद्दाम वाट वाकडी करून बघून गेला. चौतीस वर्षांत माझ्या हातून पुष्कळ कामं झाली, पण ती सगळी लोकांच्या तोंडात बंद आहेत. फळीवर ठेवून बघण्यासारखं हे पहिलंच. मला फार आनंद झाला आहे, तो तुमच्यापासून लपवण्याचा प्रयत्न करत नाही.

काळजी नसावी. ताईला यातलं एक अक्षर कळणार नाही. मी तसला माणूस नाही, आणि तुम्हीही मला तसला माणूस व्हायला लावणार नाही याची खात्री आहे. तिला माझा नमस्कार सांगावा, पण हे पत्र कुठे आलं ते सांगू नये. तब्येतीला जपावं आणि संध्याकाळचं फिरणं सोडू नये, नाहीतर तिला संशय येईल.

तुमचा निर्दोष मेहुणा,
कारागीर

ता. क.: पत्र ज्यासाठी लिहिलं ते राहिलंच. तक्रारवहीतलं तुमचं पान सोबत आहे. शेरा मीच लिहून ठेवला आहे: 'दोष गिऱ्हाइकाचा. तक्रार निकाली.' खाली फुली केली आहे तिथे फक्त सही करायची. सही इकडे आली की पाइप तिकडे निघेल, व्यवस्थित गुंडाळून, वाचनालयाच्याच पत्त्यावर. एक तारखेच्या आत झालं तर बरं.

आणखी एक ता. क.: वरचं सगळं काल लिहून झालं आणि मी पाकीट चिकटवायला घेतलं, तेवढ्यात लेकीनं तुमचा जबडा जागेवर ठेवायला म्हणून उचलला. तिची एक खोड आहे, हातात आलेलं काम तपासल्याशिवाय खोक्यात घालत नाही. तिनं वरचा-खालचा जबडा यंत्रावर चढवला आणि मधे निळा कागद घालून मिटवला. मग मला हाक मारली. उजवीकडच्या शेवटच्या दाढेवर निळा ठिपका होता, बाकी सगळे दात कोरे. म्हणजे तोंड मिटताना उजवी दाढ सगळ्यांच्या आधी टेकते, कवळी तिरपी होते आणि डावीकडे सुटते. टकटक. दाजी, तक्रार डावीकडची होती म्हणून मी सातही वेळा डावीकडेच पाहिलं.

मी तरीही म्हटलं, पण पाइप! लेक म्हणाली, बाबा, वाटी आतून करपली किती होती ते सांगा. (ते मला खरवडतानाच दिसलं होतं, पण वर लिहायचं राहून गेलं.) जेमतेम करपली होती. दांडी मात्र चावून चावून हाडाला आलेली. ती म्हणाली, आतोबा हा फारसा ओढतच नव्हते, नुसता धरून बसत होते. तो डाव्या दातांत धरला की कवळी वर दाबली जाते आणि तेवढा वेळ हलत नाही. पाइपामुळे कवळी हलली नाही, कवळी हलते म्हणून पाइप आला. यावर मी चहा मागितला आणि तो गार होईपर्यंत निळा कागद घालून जबडा पुन्हा पुन्हा मिटवून पाहिला.

वरचं पत्र फाडून टाकायला हवं होतं, पण इतकं जमलेलं पत्र माझ्यानं फाडवत नाही. तुम्ही ते वाचून विसरा. वहीच्या पानावरचा शेरा मी खोडला आहे, सही करू नका. त्याऐवजी स्वतः या, एक तारखेनंतर या, म्हणजे ती दाढ लेक घासून देईल आणि सही तिच्यासमोर होईल. दोन मिनिटांचं काम आहे, असं ती म्हणते. दोन मिनिटांचं काम होतं आणि तुम्ही अकरा वर्षं टकटक करत जेवलात, आणि मी दरवेळी तुम्हालाच खोटं पाडत राहिलो. मला फार वाईट वाटतं, दाजी. हे तोंडावर बोलणं माझ्याच्यानं होणार नाही म्हणून इथे लिहून टाकलं, तेव्हा आल्यावर हा विषय काढू नये. पाइपाबद्दल मात्र बोलावं. त्यात कुणाला दोष काढता येणार नाही. दारातून आत आल्याआल्या, माणसं जमलेली असतानाच, जरा मोठ्यानं बोललात तर उत्तम.